खर्चाला कात्री, कर्जाला उतारा

प्रश्न : ३० लाखांचं नवं गृहकर्ज, मुदत २० वर्षं, व्याज ८.५ टक्के. घरखर्चातून महिना ३,००० रुपये वाचवून भरले तर फरक पडेल का?

उत्तर : नक्की पडेल. तुमचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० रुपये नुसत्या व्याजात जातात. जादा भरलेली रक्कम मात्र थेट मुद्दलातून वजा होते. दर तोच राहिला, तर सुरुवातीपासूनचे हे ३,००० रुपये कर्ज साडेपंधरा वर्षांत फेडतील आणि आठ लाखांहून अधिक व्याज वाचवतील. हेच पैसे एसआयपीत का घालू नयेत, असं कुणी विचारेल. तिथला परतावा जास्त असू शकतो, पण तो बाजाराच्या हाती. इथली बचत पक्की. करसवलतीसाठी कर्ज लांबवणंही आतबट्ट्याचंच : शंभर रुपये व्याज भरून तीस रुपये कर वाचला, तरी सत्तर गेलेच. शिवाय नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर ही वजावटच नाही. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंडही लागत नाही. फक्त आधी सहा महिन्यांचा खर्च शिल्लक ठेवा, आरोग्यविम्याला हात लावू नका. आणि हप्ता नव्हे, मुदत कमी करा, असं बँकेला लेखी कळवा.