जुनी मोटारसायकल आणि पेट्रोलची वाट

बीडहून धाराशिवकडे जाणारा हमरस्ता आपल्या चौसाळ्यावरून जातो. त्याच्या कडेला एखादी जुनी बुलेट उभी आहे व तिचा मालक घामाघूम होऊन किक मारीत आहे, असा देखावा तुम्हीं पाहिला असेल. भोंवतीं जमलेल्यांपैकीं एक म्हणतो प्लग बदला, दुसरा म्हणतो कॉइल गेली, तिसरा म्हणतो गाडी विकून टाका. सल्ला देण्यास पैसे पडत नाहींत. पण तो ऐकून नवा भाग विकत घेणाऱ्याचे पडतात. यंत्र कां थांबलें हें शोधण्याची एक रीत आहे, व ती आपल्या प्रयोगशाळेंतील रीतीहून निराळी नाहीं.

बुलेट ही मूळची इंग्लंडांतील रेडिच गांवची. सन १९५५ मध्यें रेडिचची रॉयल एनफील्ड कंपनी व मद्रास मोटर्स यांनीं मिळून एनफील्ड इंडिया ही कंपनी काढली. इंग्लंडांतील उत्पादन १९७० मध्यें थांबलें. मद्रासेंतील चालू राहिलें. म्हणून तिकडे जी गाडी संग्रहालयांत गेली, ती आपल्याकडे अजून दुधाच्या किटल्या वाहते. जुन्या गाड्यांवर अमल जातीचा व पुढील गाड्यांवर मिककार्ब जातीचा कार्ब्युरेटर असतो; तत्त्व दोहोंचें एकच.

या गाडींत पेट्रोल चढविणारा पंप नाहीं. टाकी उंचावर आहे, आणि पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनानें कॉकमधून, नळीवाटे कार्ब्युरेटरच्या वाटींत उतरतें. वाटींत एक फ्लोट तरंगत असतो. पातळी वाढली कीं तो वर येऊन एका सुईनें वाट बंद करतो. पाण्याच्या टाकीवरील चेंडूची तोटी करते तेंच काम. पुढें हवेचा मार्ग मध्येंच अरुंद केलेला असतो. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो व दाब घटतो, हें इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी (१७४६–१८२२) यानें दाखविलें. वाटींतील पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. तो पेट्रोलला जेटच्या बारीक छिद्रांतून वर ढकलतो. इंजिन पेट्रोल ओढून घेतें असें आपण म्हणतों, पण खरें ढकलणारें आपल्या डोक्यावरील वातावरण आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते.

आतां शोध. प्रथम दोष पेट्रोलचा कीं ठिणगीचा, हें ठरवावें. पांच-सात किक मारून प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोंचत नाहीं. ओला असेल तर पेट्रोल पोंचतें; मग ठिणगी तरी नाहीं, किंवा पेट्रोल अति येत आहे. चालत्या गाडीचा प्लग पांढुरका दिसल्यास पेट्रोल कमी, काजळीनें काळा झाल्यास जास्त. चोक ओढल्यावर गाडी बरी चालूं लागली, तर तीही पेट्रोल कमी पडत असल्याचीच खूण होय.

प्लग कोरडा निघाला, तर नळी कार्ब्युरेटरपासून सोडवून कांचेच्या बाटलींत धरावी व कॉक उघडावा. इंजिन गार असावें, जवळ विडी अथवा चूल नसावी. धार सुरुवातीपासूनच बारीक असेल तर कॉकची जाळी गंजानें भरली आहे. धार प्रथम चांगली येऊन हळूहळू मंदावली, तर झाकण उघडून पाहावें. झाकण उघडतांच ती पुन्हा जोरानें वाहूं लागली, तर दोष झाकणांतील हवेच्या छिद्राचा आहे.

हें छिद्र कशास पाहिजे, तें घरीं जाऊन आईस विचारा. तेलाच्या डब्यास ती एक नव्हे, समोरासमोर दोन भोकें पाडते. एकांतून तेल बाहेर येतें, दुसऱ्यांतून हवा आंत जाते. एकच भोक ठेवलें तर तेल गुटगुट करून अडतें. टाकीचेंही असेंच होतें: गाडी कांहीं मैल धांवते, आंतील दाब घटतो, पेट्रोल अडतें, इंजिन थांबतें. मालक झाडाखालीं बसतो. तेवढ्यांत फटींतून थोडी हवा शिरते, आणि गाडी सुरू होते. मग ती ‘तापते’ असा तिच्यावर आळ येतो व भलतेंच काम निघतें. वस्तुतः एक टांचणी पुरेशी असते.

धार चांगली असून गाडी अडखळत असेल, तर दोष पुढें आहे. मंद गतीवर बंद पडते पण वेगांत नीट चालते, तर पायलट जेट पाहावा. मंद चालते पण पूर्ण वेग देतांच गुदमरते, तर मेन जेट. येथें एक वाईट खोड सांगितलीच पाहिजे. जेटमध्यें तार घालून फिरवूं नये. छिद्र मिलिमीटरहून लहान व धातु पितळेचा. तार त्यास रुंद करते, आणि मग गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिते. पेट्रोलनें धुवून हवेनें फुंकावें. उजेडाकडे धरतां छिद्र स्वच्छ गोल दिसलें म्हणजे झालें.

वाटींतून पेट्रोल ठिबकत असेल, तर सुईखालीं कचरा अडकला असेल, किंवा फ्लोटला भोक पडून तो बुडाला असेल. पितळी फ्लोट कानाजवळ हलवावा. आंत पेट्रोल असल्यास आवाज येतो. त्यास डाग देण्यापूर्वीं आंतील पेट्रोल व त्याची वाफ पूर्णपणें घालविली पाहिजे, नाहीं तर स्फोट होतो.

आतां पालकांसाठीं दोन शब्द. आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीस जातात, आणि कित्येकांची गाडी पांच-सहा महिने छपरांत उभी राहते. तोडलेल्या त्या उसाच्या मळीपासून व रसापासून इथेनॉल होतें, व तें पेट्रोलमध्यें मिसळून पंपावर येतें. सन २०२५ मध्यें हें प्रमाण देशांत २० टक्क्यांवर गेलें. परदेशीं तेल कमी आणावें लागतें, हा लाभ खरा आहे. पण जुनी गाडी या इंधनासाठीं घडलेली नाहीं. इथेनॉलला सुमारें ९ पटच हवा लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण किंचित् विरळ होतें व इंजिन अधिक तापतें. जुनें रबर त्यांत फुगतें. शिवाय इथेनॉल पाणी शोषतें. पाणी मर्यादेपलीकडे गेलें कीं दोघें मिळून तळाशीं बसतात, आणि टाकी आंतून गंजते. गाडी ‘रिझर्व्ह’वर घेतांच अडखळूं लागली, तर तळांतील हेंच पाणी खालीं येत आहे असें समजावें.

वाटींत राहिलेलें पेट्रोल उडून मागें चिकट थर उरतो व पायलट जेट बुजतो. यास्तव तोडणीस निघण्यापूर्वीं कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालूं द्यावें. टाकी रिकामी करावी, तींत वाटीभर इंजिन ऑइल घालून ती सर्व बाजूंनीं हलवावी, व झाकण लावावें. परत आल्यावर थोड्या पेट्रोलनें टाकी विसळून तें फेंकून द्यावें, कॉकची जाळी धुवावी, आणि नळी कडक झाली किंवा फुगली असेल तर इथेनॉल सोसणारी नवी नळी बसवावी.