नोकरीपूर्वी स्वतःची ओळख

नोकरीचा अर्ज भरताना शिक्षण, वय, अनुभव ही माहिती सहज लिहिता येते. परंतु त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. कोणते काम आपल्याला उत्तम जमते? कोणत्या बाबतीत आपण तडजोड करणार नाही? पहिल्या उत्तरातून बलस्थाने कळतात, दुसऱ्यातून जीवनमूल्ये.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांचे शिक्षण अत्यंत गरिबीत झाले. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी करणे त्यांना शक्य होते. तथापि, पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून लोकहितासाठी झटण्याचा निश्चय त्यांनी पत्राने आईला कळवला. अध्यापन व तर्कशुद्ध लेखन ही त्यांची बलस्थाने होती. त्यांना अनुरूप असे कार्य त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक म्हणून केले. १८८१ मध्ये ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. पुढे सामाजिक सुधारणांवरून सहकाऱ्यांशी मतभेद होताच १८८७ मध्ये त्यांनी ते संपादकपद सोडले व १८८८ मध्ये 'सुधारक' सुरू केले. लेखणी तीच राहिली. मूल्यांसाठी जागा मात्र बदलली.

प्रत्येकाने कमी वेतन पत्करावे, असा याचा अर्थ नाही. कुटुंबाला आर्थिक आधार देणे हेही मूल्यच आहे. मात्र आपली निवड जाणीवपूर्वक केलेली असावी.

कृती : तुम्हांला जमणारी तीन कामे व तुम्हांला महत्त्वाची वाटणारी तीन मूल्ये लिहा. प्रत्येकापुढे स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग नोंदवा. ज्यापुढे प्रसंग सुचणार नाही, त्याचा पुन्हा विचार करा.