लोकरीच्या बाहुल्या आणि बाँबचं गणित

काळी बाहुली तुम्ही पाहिलीच असेल. बांधकाम चालू असलेल्या घराला, ट्रकच्या मागे, दुकानाच्या दारावर, दृष्ट लागू नये म्हणून टांगलेली. इथे शुगर लँडमध्येही एखाद्या नव्या घराच्या गराजमध्ये ती दिसते. बहुतेक वेळा भारतातून येताना आईने बॅगेत घालून आणलेली असते. तिला हसण्याआधी १९१८ सालच्या पॅरिसला एक फेरी मारून येऊ.

पहिल्या महायुद्धाचे ते शेवटचे महिने. रात्री जर्मन ‘गोथा’ विमानं बाँब टाकत होती. त्यातच २३ मार्चपासून सुमारे १२० किलोमीटरवरून एका अजस्र तोफेचे गोळे शहरावर पडू लागले. गोळा येताना आधी आवाजही येत नसे, आणि तो नेमका कुठे पडेल हे डागणाऱ्यालाही ठाऊक नसे. २९ मार्चला, गुड फ्रायडेच्या दिवशी, एक गोळा चर्चवर पडला आणि प्रार्थनेला जमलेली ८० हून अधिक माणसं गेली.

त्याच दिवसांत पॅरिसभर लोकरीच्या दोन चिमुकल्या बाहुल्या पसरल्या: नेनेट आणि रँतँतँ. नावं चित्रकार फ्रान्सिस्क पुलबो यांच्या युद्धाआधीच्या बाहुल्यांची. लोकरीचे काही वेढे घ्यायचे, डोकं आणि कंबर दोऱ्याने आवळायची आणि दोघांना एका धाग्याने जोडायचं. नियमही होते. बाहुल्या स्वतःसाठी विकत घ्यायच्या नाहीत, कोणीतरी दिल्या पाहिजेत. आणि मधला धागा तुटता कामा नये. त्या सैनिकांच्या खिशातही पोचल्या. ली डंकन या अमेरिकन सैनिकाला तिथे कुत्र्याची पिल्लं सापडली, तेव्हा त्याने दोघांना याच बाहुल्यांची नावं दिली. त्यातला रिन टिन टिन पुढे हॉलिवूडचा नट झाला.

मग बाहुल्यांनी खरंच वाचवलं का? ज्यांच्या खिशात बाहुली होती आणि जे वाचले, ते आयुष्यभर ती गोष्ट सांगणार. ज्यांच्या खिशात बाहुली होती आणि जे गेले, ते सांगायला येणार नाहीत. म्हणजे आपल्या कानावर साक्ष एकाच बाजूची येते.

शिवाय, बाहुली नसतानाही किती जण वाचले असते? याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या लंडनवरून मिळतं. जर्मन उडते बाँब ठरावीक वस्त्या निवडून पडतात, असं तिथे अनेकांना वाटे. विमागणिती आर. डी. क्लार्क यांनी १९४६ मध्ये हिशोब मांडला. दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा भाग त्यांनी ५७६ सारख्या चौकोनांत वाटला. त्यावर ५३७ बाँब पडले होते. २२९ चौकोनांत एकही नाही, २११ मध्ये एक, ९३ मध्ये दोन आणि ४३ मध्ये तीन किंवा जास्त. निव्वळ योगायोगाने बाँब पडले तर किती चौकोन कोरडे राहतील? गणित सांगतं, सुमारे २२७!

म्हणजे नेम धरलेला नव्हता, आणि कोणी राखणही करत नव्हतं. तरी जवळपास ४० टक्के चौकोन सहीसलामत राहिले. तिथे घरोघरी बाहुली असती तर तिचा केवढा बोलबाला झाला असता!

हे मुलांबरोबर करून बघा. बुद्धिबळाच्या पटावरच्या ६४ घरांना क्रमांक द्या. फोनवर १ ते ६४ मधला कोणताही एक आकडा ६० वेळा काढा आणि दर वेळी त्या घरात एक डाळीचा दाणा ठेवा. साधारण २५ घरं रिकामी राहतील आणि काही घरांत तीन-तीन दाणे जमतील. योगायोग सगळीकडे सारखा पसरत नाही, तो गोळा होतो.

तरीही पॅरिसची माणसं मूर्ख नव्हती. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी ट्रोब्रिअँड बेटांवर पाहिलं, की शांत खाडीतल्या मासेमारीसाठी लोक मंत्र-विधी करत नाहीत, खवळलेल्या समुद्रात जाताना मात्र करतात. १९९१ च्या आखाती युद्धात इस्रायलमध्ये मानसशास्त्रज्ञ गिओरा केनान यांनाही हेच आढळलं: क्षेपणास्त्रं पडणाऱ्या भागांत असे तोडगे आणि समजुती जास्त. जिथे आपल्या हातात काही नसतं, तिथे हात काहीतरी शोधतात. लोकर गुंडाळणं हे निदान करता येण्यासारखं काम होतं. आणि बाहुली दुसऱ्यानेच द्यायची, या नियमामुळे आपली काळजी करणारं कोणीतरी आहे, हेही कळत होतं.

आपल्याकडे जून ते नोव्हेंबर हरिकेनचा मोसम. २०१७ च्या हार्वे वादळानंतर ‘आमचं घर कसं वाचलं’ या गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. पण पुराचं पाणी त्या बाँबसारखं कुठेही पडत नाही, ते उतार बघून जातं. जमिनीची उंची, जवळची खाडी-ओढे, निचरा हे सगळं आधी तपासता येतं. म्हणून आईने दिलेली बाहुली गराजमध्ये खुशाल राहू द्या. पण पूरनकाशा बघा, पूरविमा वेळेत घ्या (तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो), आणि घर सोडायचा आदेश आला की निघा. बाहुली आहे म्हणून मागे थांबू नका.