स्टेक बाहेरून करपतो, आतून कच्चा राहतो

प्रश्न : सोया सॉस आणि मधात मुरवलेला बीफ स्टेक तव्यावर टाकला की बाहेरून करपतो, आत कच्चाच राहतो. रस आत कोंडून राहावा म्हणून आच मोठी ठेवतो. काय चुकते? – एक विद्यार्थी, मेलबर्न

उत्तर : मोठ्या आचेने रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्यामुळे रूढ झाला. प्रत्यक्षात असे कवच तयार होत नाही. मोठी आच हवी ती खमंग रंगासाठी आणि चवीसाठी. करपतो तो मध, म्हणून ग्लेझ शेवटी घालावे.

स्टेक टिपून अगदी कोरडा करावा आणि मीठ-मिरपूड लावावी. अडीच सेंटीमीटर जाडीचा तुकडा जाड बुडाच्या तव्यात, थोड्या तेलावर, दोन्ही बाजूंनी साधारण ३ ते ४ मिनिटे भाजून काढून ठेवावा. त्याच तव्यात फरसबी, ढोबळी मिरची आणि पातळ चिरलेले गाजर परतावे. तव्याला चिकटलेला तपकिरी थर खरवडून भाजीत मिसळावा, खरी चव त्यातच असते. भाजी काढून मंद आचेवर २ चमचे सोया सॉस, १ चमचा मध, ठेचलेला लसूण आणि किंचित पाणी आटवावे. दाटसर झाले की स्टेक त्यात मिनिटभर घोळवावा.

मांसाच्या मधोमध ६३ अंश सेल्सिअस तापमान यावे आणि नंतर ३ मिनिटे तुकडा तसाच ठेवावा. रंगावरून खात्री होत नाही, साधा टोचणीचा थर्मामीटर जरूर घ्यावा. कच्चे मांस मुरवलेला सॉस चांगला उकळल्याशिवाय वापरू नये.