"मला काही नवीन सुचतच नाही" म्हणताय? मग हे वाचाच!



ट्रेनिंगमध्ये मला हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, नवीन सुचायला डोकं जन्मतःच लागतं." एकेकाळी मीही हेच म्हणायचो. माझ्या स्टेशनरीच्या दुकानासमोर मोठं दुकान उघडलं, तेव्हा मला एकच सुचलं: भाव पाडायचे. सहा महिन्यांत मार्जिन संपलं आणि दुकानाचं भाडं थकलं.

तेव्हा दोन प्रयोग वाचनात आले.

पहिला जर्मनीतला, २००४ सालचा. काही जणांनी तीन महिने तीन चेंडू हवेत खेळवायचा सराव केला. एमआरआयमध्ये दिसलं, की हलत्या वस्तू टिपणारा मेंदूचा भाग वाढलाय. सराव सोडल्यावर ती वाढ बरीचशी ओसरली. म्हणजे मोठ्या वयातही मेंदू बदलतो. पण सराव थांबला की मागे फिरतो.

दुसरा अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. चित्रकलेचा कोर्स करणाऱ्या विद्यार्थ्यांचे विचार जास्त वेगवेगळ्या दिशांनी जाऊ लागले, आणि मेंदूच्या पुढच्या भागातल्या जोडण्याही बदलल्या. विद्यार्थी मोजकेच होते, त्यामुळे याला जादू समजू नका. पण सुचणं शिकता येतं, एवढा धीर मला त्यातून आला.

मग मी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांची एक सोपी चाचणी सरावासाठी घेतली. एक साधी वस्तू घ्यायची आणि तिचे जमतील तितके उपयोग लिहायचे. पहिले चार-पाच सगळ्यांनाच सुचतात. तिथे पेन खाली ठेवू नका. खरं नवीन त्यानंतरच येतं.

मी रोज रात्री शटर ओढल्यावर दहा मिनिटं हे करायचो. एकदा ब्राऊन पेपरचा रोल समोर होता. अकरावं उत्तर आलं: रोल विकण्याऐवजी पुस्तकांना कव्हर घालून, नावाचं लेबल चिकटवूनच द्यायचं. जूनमध्ये नोकरी करणाऱ्या आईबाबांची रांग लागली. थकलेलं भाडं त्याच सीझनमध्ये फिटलं.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानात सगळ्यात कमी खपणारी वस्तू समोर ठेवा आणि तिचे पंधरा उपयोग लिहा. हे सलग एकवीस दिवस करा, रोज नवी वस्तू घेऊन. बाविसाव्या दिवशीही थांबू नका. का, ते त्या चेंडूवाल्यांनी दाखवलंच आहे!