भाताच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया

प्रश्न : युरिया लावलेला भाताचा पेंढा जनावरांना सोसतो का?

उत्तर : भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम ३-४ टक्के, शिवाय तो पचायला जड. म्हणून १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवतात; थरावर थर रचून हे पाणी शिंपडतात, पेंढा तुडवतात आणि प्लास्टिकने हवाबंद झाकतात. २१ दिवसांत अमोनिया तयार होऊन तंतू सैल पडतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील जिवाणू त्याच अमोनियापासून प्रथिने बनवतात. उष्ण हवामान या क्रियेला पोषकच. पेंढा तासभर पसरून, वास उडाल्यावर, थोड्या प्रमाणापासून सुरुवात करून द्यावा. हिरवा चारा चालू ठेवावा. ६ महिन्यांखालील वासरांना आणि घोड्यांना तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावराने प्यायल्यास विषबाधेने मृत्यू ओढवू शकतो.