फोनची मूळ प्रणाली बदलावी काय?

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्या पोटांत काय आहे, हें पाहण्याची इच्छा मुलांना होतेच. पूर्वीं घड्याळांचीं झांकणें याच इच्छेनें उघडलीं जात. मोबाईल फोनचें खरें कुलूप मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. तें उघडणें इष्ट कीं अनिष्ट, याचा येथें थोडा विचार करूं.

आपल्या जेऊर स्थानकावरून सोलापुराकडे निघणारी गाडी पुढचा मार्ग मोकळा असल्याची खूण मिळाल्यावांचून हालत नाहीं. फोनमध्येंही असेंच घडतें. कळ दाबतांच प्रथम एक लहानसा कार्यक्रम जागा होतो. त्यास बूटलोडर म्हणतात. तो पुढील प्रणालीवरील कंपनीची सांकेतिक मोहोर तपासतो, आणि ती जुळली तरच कारभार तिच्या हातीं देतो. परकी प्रणाली घालावयाची तर आधीं हा पहारेकरी दूर करावा लागतो, आणि त्या क्षणीं फोनमधील छायाचित्रें, निरोप, हिशेब सर्व पुसले जातात. यांत कंपनीचा दुष्टावा नाहीं. तसें नसतें, तर चोरानें आपली प्रणाली घालून मालकाची सर्व माहिती वाचली असती. याच्या पुढची पायरी 'रूट' करण्याची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यांत फेरफार करण्याचा सर्वाधिकार मिळविण्याची.

इतका खटाटोप कोणी कां करावा? मराठी वाचकास याचें उत्तर परकें नाहीं. २०१०-११ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या अनेक अँड्रॉइड फोनांवर मराठी मजकूर उघडला, तर अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसत. कांहीं कंपन्यांनीं देवनागरी बसविली होती, बहुतेकांनीं नव्हती. तेव्हां हौशी लोकांनीं फोन रूट करून देवनागरीचा टाईप आंत घातला. चौकोन गेले, पण नवीच मौज झाली. अक्षरें कशीं जोडावींत हें त्या प्रणालीस ठाऊकच नव्हतें! पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं काढावी, हें न कळल्यामुळें 'दिवस' हा शब्द 'दविस' असा दिसे, आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहात. पुढें अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांत ही उणीव भरून निघाली. आपली लिपि वाचतां यावी एवढ्यासाठीं केलेला हा उद्योग मला तरी दोषास्पद वाटत नाहीं.

अँड्रॉइडची मूळ संहिता बहुतांशीं सर्वांस खुली आहे. तीवरून स्टीव्ह काँडिक यानें २००९ मध्यें सायनोजेनमॉड नांवाची प्रणाली रचण्यास आरंभ केला. तिच्या पाठीमागें पुढें कंपनी उभी राहिली. २०१४ च्या डिसेंबरांत तर भारतांतील तिच्या हक्कावरून मायक्रोमॅक्स व वनप्लस यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयांत गेला, आणि वनप्लसच्या फोनांची विक्री कांहीं दिवस थांबली. दोनच वर्षांनीं, २०१६ च्या डिसेंबरांत, त्या कंपनीनें सायनोजेनचें काम बंद केलें. स्वयंसेवकांनीं तोच धागा लिनिएजओएस या नांवानें पुढें चालविला. कंपन्यांनीं वाऱ्यावर सोडलेल्या कित्येक जुन्या फोनांस त्यामुळें सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळतात. हा लाभ लहान नव्हे.

आतां दुसरी बाजू. एकाच नांवाच्या फोनाचे निरनिराळे नमुने असतात. भलत्या नमुन्याची प्रणाली घातली, किंवा काम अर्ध्यावर असतां वीज गेली, तर फोन निपचित पडतो. जाणते त्यास 'वीट' म्हणतात. कांहीं कंपन्यांच्या फोनांत तर एकदां मोहोर मोडली कीं ती खूण कायमची राहते, आणि हमीची आशा सोडावी लागते. बँकांचे व पैसे देण्याघेण्याचे अनेक कार्यक्रम मोहोर मोडलेल्या फोनावर चालण्यास नकार देतात. तो नकार रास्तच आहे. सर्वाधिकाराची किल्ली एखाद्या लबाड कार्यक्रमाच्या हातीं लागली, तर त्यास घरांतील कोणतीही खोली बंद राहत नाहीं. आपल्या भागांत पुष्कळ घरीं चांगला फोन एकच. उसाच्या बिलाचा निरोप त्यावरच येतो, केळीच्या पट्टीचे पैसे त्यावरच कळतात, आणि मुलांचा अभ्यासही त्यावरच. अशा फोनावर प्रयोग करणें म्हणजे पेरणीच्या दिवसांत बैल शर्यतीस नेणें होय.

मोहोर न मोडतांही फसण्याची एक वाट आहे. व्हॉट्सॲपच्या बदललेल्या आवृत्त्या हातोहात फिरतात. अधिक रंग व अधिक सोयी यांच्या लोभानें मुलें त्या घेतात. आंत कोणी काय मिसळलें आहे हें कोणास ठाऊक नसतें, आणि मूळ कंपनी असें खातें बंदही करूं शकते.

ज्या विद्यार्थ्यांस ही विद्या शिकावयाचीच आहे, त्यांनीं कपाटांत पडून असलेला जुना फोन घरच्यांच्या अनुमतीनें घ्यावा. त्यांत बँकेचें कांहीं नसावें. आंतील छायाचित्रें आधीं दुसरीकडे उतरावींत, नमुन्याचा क्रमांक अक्षरशः जुळवावा, प्रणाली तिच्या कर्त्यांकडूनच घ्यावी, बॅटरी पूर्ण भरावी. नवी प्रणाली घातल्यावर फोन प्रथम सुरू होण्यास दहा-पंधरा मिनिटेंही लागूं शकतात. तेवढ्यांत घाबरून कळ दाबूं नये.